वहीतला आकडा कोणी वाचायचा?



दिंडोरीला आमच्या एक आत्या राहतात. उभा जन्म द्राक्षबागांतल्या मजुरीत गेला. छाटणी झाली की विरळणी, विरळणी झाली की तोडणी, असे वर्षाचे चक्र. साठी उलटल्यावर त्यांना रक्तदाब निघाला. रोज एक गोळी सुरू झाली. त्यांचा धाकटा मुलगा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याने ओव्हरटाइमच्या पैशांतून आईसाठी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे यंत्र आणून दिले. थोरल्या मुलाची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने एका जुन्या वहीत रकाने आखले : तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. रोज संध्याकाळी ती आजीचा रक्तदाब मोजायची, वहीत लिहायची आणि पानाचा फोटो काकाच्या मोबाइलवर पाठवायची.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. ती वही पाहून आम्हांला फार आनंद झाला. ज्या आत्यांना स्वतःची सही शिकायला चाळिशी उजाडली, त्यांच्या घरात नात आजाराची नोंद ठेवते, याचे आम्ही चारचौघांत कौतुक केले. मुलीला पेनही बक्षीस दिले. पण आकडा किती झाला म्हणजे काय करायचे, हे तुम्ही ठरवले आहे का, एवढा एक प्रश्न विचारायचे मात्र आम्हांला सुचले नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी, तोडणीच्या ऐन हंगामात, वहीत असे आकडे पडले : वरचा १५८, मग १७८, मग १८६, मग १९२, मग १९०. ओळीने पाच दिवस. मुलीने एकही दिवस चुकवला नाही. फोटोही रोज गेला. काका रात्रपाळीत होता. सकाळी दमून आल्यावर त्याने फोटो पाहिले आणि त्याला वाटले, घरी माणसे आहेत, दवाखान्यात नेतीलच. थोरला मुलगा आणि सून पहाटेच बागेवर जात होते. त्यांना वाटले, आकडा धाकट्याकडे जातो, काही विशेष असते तर त्याने फोन केला असता. मुलीला वाटले, आपले काम लिहिण्याचे. आणि आत्या? त्यांच्या गोळ्या आठ दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. "बाजाराच्या दिवशी आणू म्हनलं, रोज बुडवून कुठं जायाचं," असे त्यांनी नंतर आम्हांला सांगितले. तेही अडखळत, कारण सहाव्या दिवशी सकाळी त्यांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचा गेली. वाचा थोडी परत आली, हात आला नाही.

ती वही आम्ही नंतर पुन्हा पाहिली. पाचही आकडे वळणदार अक्षरात लिहिलेले आहेत. घरात यंत्र होते, वही होती, मोबाइल होता, माया तर होतीच होती. नव्हती फक्त एक गोष्ट : आधी ठरवून ठेवलेली व्यवस्था. या आठवड्यात आम्ही त्याच व्यवस्थेविषयी लिहीत आहोत, कारण रक्तदाबाचे, साखरेचे, प्राणवायू मोजण्याचे यंत्र आता आपल्या वस्त्यांतून बहुतेक गल्ल्यांत पोहोचले आहे.

मणी मोजणाऱ्या बाया

रुग्ण घरी, डॉक्टर दूर, आणि मधल्या काळात त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायचे, ही कल्पना मोबाइलबरोबर आली असे समजू नये. आपल्या महाराष्ट्रातच तिचा एक मोठा प्रयोग झाला आहे आणि तो शिकलेल्या लोकांच्या घरांत झालेला नाही.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथील खेड्यांत लहान मुले न्यूमोनियाने दगावत असत. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो ते मोजणे. पण गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि घरात घड्याळही नव्हते. म्हणून एक साधे साधन तयार झाले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर समजायचे, मुलाला औषध सुरू केले पाहिजे. या साधनाची माहिती १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पुढे याच संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जात, वजन करत, अंगाचा ताप पाहत, श्वास मोजत आणि धोक्याची खूण दिसली की काय करायचे हे त्यांना नेमके शिकवलेले होते. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, असे १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. त्या कार्यक्रमामागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे.

आता या बायांकडे कोणते यंत्र होते? वाळू, मणी आणि वजनाचा काटा. मग फरक कशाने पडला? कोणी मोजायचे हे ठरलेले होते. कोणत्या दिवशी मोजायचे हे ठरलेले होते. लाल मणी आला की पुढचे पाऊल कोणते, हेही ठरलेले होते. आमच्या आत्यांच्या घरात आकडे दाखवणारे महागडे यंत्र होते, परंतु लाल मणी कोणता हे कोणालाच माहीत नव्हते.

बोटाला लावायचा चिमटा

दिंडोरी, वणी, मोहाडी, खेडगावच्या घरांत प्राणवायू मोजण्याचा चिमटा माहीत झाला तो करोनाच्या काळात. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. पथके दारोदार फिरून ताप आणि प्राणवायू मोजू लागली. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल रोजी प्राणवायूच्या टाकीला गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवसांत खाटा मिळत नव्हत्या. हजारो रुग्ण घरीच होते. घरच्या घरी सहा मिनिटे चालून आधीचा आणि नंतरचा आकडा पाहावा, तो घसरला तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे, असे राज्याच्या आरोग्य खात्यानेही लोकांना सांगितले होते. कित्येकांचा जीव त्या चिमट्याने वेळेवर जागे केल्यामुळे वाचला.

हे यंत्र काम कसे करते, तेही समजून घेऊ. १९७४ साली जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने त्याची मूळ कल्पना मांडली. बोटातून लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा दुसरा एक प्रकाश सोडायचा. प्राणवायू भरलेले रक्त आणि न भरलेले रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. त्यावरून यंत्र हिशेब करते. म्हणूनच बोट थंड असेल, नखाला रंग किंवा गडद मेंदी असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो.

आणखी एक गोष्ट आपण मुद्दाम लक्षात ठेवावी. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की रक्तातला प्राणवायू खरोखर कमी असतानाही हा चिमटा चांगला आकडा दाखवतो, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमध्ये सुमारे तिप्पट वेळा घडते. यंत्र हे तटस्थ असते असे आपण समजतो, पण ते ज्यांच्या कातडीवर तपासले जाते, त्यांच्यासाठीच अधिक बरोबर चालते. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांनी यातून धडा एवढाच घ्यायचा की आकडा ९६ असला, पण माणूस धापा टाकत असेल, ओठ निळसर पडले असतील, दोन शब्द सलग बोलता येत नसतील, तर माणसावर विश्वास ठेवावा, चिमट्यावर नव्हे.

एकच यंत्र, दोन निकाल

मोठ्या देशांत तरी हे आपोआप जमते का? नाही. अमेरिकेत हृदय कमजोर झालेल्या १,६५३ रुग्णांवर एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांनी रोज फोन करून आपले वजन आणि त्रास एका यंत्राला सांगायचा, अशी सोय केली होती. निष्पन्न काय? पुन्हा दवाखान्यात भरती होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण काहीही कमी झाले नाही. सोय दिलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनी तर ती एकदाही वापरली नाही, आणि शेवटी शेवटी आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले.

उलट जर्मनीत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,५०० हून अधिक रुग्ण होते. त्यांचेही वजन, रक्तदाब, नाडी घरून कळवली जात होती. पण बर्लिनच्या रुग्णालयात डॉक्टर आणि परिचारिका दिवसरात्र ते आकडे बघत होते आणि आकडा बिघडला की रुग्णाला स्वतः फोन करत होते. तेथे दवाखान्यात जाणारे दिवस कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले.

रक्तदाबाबाबतही जगभरातल्या चाचण्या एकत्र पाहून तज्ज्ञांनी हेच सांगितले आहे. नुसते घरी मोजून रक्तदाब फारसा उतरत नाही. मोजण्याबरोबर कोणीतरी सल्ला देत असेल, औषध कमीजास्त करत असेल, तरच उतरतो. आमच्या आत्यांच्या घरात चूक कोणा एकाची नव्हती. पाच माणसांपैकी प्रत्येकाला वाटत होते की दुसरा कोणीतरी बघतो आहे.

घरात बसून ठरवायच्या पाच गोष्टी

तेव्हा यंत्र विकत घेण्याआधी, आणि घेतले असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर, सर्वांनी एकत्र बसावे. रुग्णालाही मध्ये बसवावे. आणि पाच गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात.

पहिली गोष्ट : काय मोजायचे? सगळेच मोजत बसू नये. रक्तदाबाच्या माणसाचा रक्तदाब. मधुमेह असेल तर साखर, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी. कारण साखरेच्या यंत्रापेक्षा त्याच्या पट्ट्यांचाच खर्च पुढे जड होतो. हृदय कमजोर असेल तर रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी वजन. लहान मुलाला खोकला-ताप असेल तर श्वास. त्याला तर यंत्रही लागत नाही, मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचे.

दुसरी गोष्ट : कोणी आणि कसे मोजायचे? एक माणूस नेमावा आणि तो गावाला गेला तर दुसरा कोण, तेही लिहावे. रक्तदाब मोजताना रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आधारावर. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी नाही. लघवी तुंबलेली नको. बागेतून डोक्यावर ओझे घेऊन आल्या आल्या मोजलेला आकडा खरा नव्हे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडाचे यंत्र अधिक भरवशाचे, आणि पट्टा दंडाच्या जाडीला बेताचा हवा. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून नेले तर त्यांना औषध ठरवायला फार उपयोग होतो. घरच्या मोजणीची सरासरी १३५ वर ८५ किंवा त्याहून अधिक राहिली तर रक्तदाब वाढलेला समजतात.

तिसरी गोष्ट : लाल मणी कोणता? ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या रुग्णाचा धोक्याचा आकडा डॉक्टरांनाच विचारून घ्यावा आणि ठळक लिहावा, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांचा प्राणवायूचा आकडा इतरांपेक्षा कमी चालतो, हे त्याचे उदाहरण. सर्वसाधारण अंदाज मात्र असा :

रक्तदाब वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजावे. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, बाजाराच्या दिवसाची वाट बघू नये. त्याबरोबर छातीत कळ, धाप, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे यांपैकी एक जरी लक्षण असेल तर तात्काळ १०८ ला फोन. लकव्यात मेंदूतली गाठ विरघळवणारे इंजेक्शन देता येते ते लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत, तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर. दिंडोरीहून नाशिक गाठायला आणि तपासणीला लागणारा वेळ त्यातूनच जातो. आमच्या आत्यांना गाडी मिळून नाशिकला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती.

साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरू लागले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला बोलवावे. हृदयाच्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले तर अंगात पाणी साठत आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. खोकला-ताप असलेल्या मुलाचा श्वास मिनिटाला दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर थांबू नये.

चौथी गोष्ट : कोणाला कळवायचे? फोटो पाठवणे म्हणजे कळवणे नव्हे. धोक्याचा आकडा आला की फोन करून तोंडी सांगायचे आणि समोरच्याने "ऐकले, मी आता अमुक करतो" असे म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. पहिला फोन कोणाला, त्याने उचलला नाही तर दुसरा कोणाला, शेजारी गाडी कोणाकडे आहे, हे क्रमाने लिहावे. आशाताईंचा, उपकेंद्राचा नंबर लिहावा. आता गावोगावची उपकेंद्रे आयुष्मान आरोग्य मंदिर झाली आहेत. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, साखर तपासतात आणि 'ई-संजीवनी'मार्फत दूरच्या डॉक्टरांशी बोलणेही करून देतात. ननाशीकडच्या डोंगरी पाड्यांवर मोबाइलची रेंज जाते-येते. तेथे निरोप घेऊन कोण जाणार, त्या माणसाचे नावही पानावर हवे.

पाचवी गोष्ट : गोळ्या. वहीत एक रकाना शिल्लक गोळ्यांचा असावा. सात दिवसांच्या उरल्या की आणायच्या. आत्यांच्या वहीत हा एक रकाना असता तर पुढचे चारही रकाने लिहावे लागले नसते.

खरे सांगणारा रुग्ण, समजून करणारा सेवक

या विषयावर विचार करताना आम्हांला विनयपिटकातील महावग्गाची आठवण झाली. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतः धुऊन काढले, उचलून अंथरुणावर निजवले. नंतर भिक्खूसंघाला विचारले तेव्हा उत्तर मिळाले की तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा केली नाही. तेव्हा भगवंतांनी सांगितले की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार?

हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतो. पण त्याच ठिकाणी पुढे रुग्णाचे पाच आणि शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत, तिकडे आपले लक्ष जात नाही. रुग्णाच्या गुणांत एक असा की त्याने आपला आजार आहे तसा सांगावा. वाढला असेल तर वाढला, कमी झाला असेल तर कमी झाला, आहे तेवढाच असेल तर तेवढाच. सेवकाच्या गुणांत एक असा की रुग्णाला काय सोसते आणि काय सोसत नाही हे त्याला कळावे. घाणीचा त्याला किळस नसावा आणि सेवा मायेने करावी, लाभासाठी नव्हे, हेही त्यात आले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण घरच्या वहीला जशीच्या तशी लागू पडते. आजार आहे तसा सांगणे म्हणजेच खरी नोंद.

आपल्या घरांत मात्र खरे सांगायला माणूस कचरतो. बाई म्हणते, माझ्या दुखण्यापायी पोराचा रोज बुडेल. बाप्या म्हणतो, गोळी घेतली, आणि घेतलेली नसते. क्षयरोगाच्या गोळ्यांसाठी मध्यंतरी एक चांगली युक्ती निघाली होती. गोळी पाकिटातून बाहेर काढली की मागे दडलेला फोन नंबर दिसायचा, त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद व्हायची. पण मिस्ड कॉल गोळी पाकिटातून निघाल्याचे सांगतो, पोटात गेल्याचे नाही. तेवढे खरे शेवटी माणसालाच सांगावे लागते. आणि खरे सांगितल्यावर घरच्यांनी त्याच्यावर ओरडायचे नाही, हे आपल्याला शिकावे लागते. वाढलेल्या आकड्यावर शिव्या खाव्या लागल्या तर पुढच्या वेळी आकडा लपवला जातो.

त्याचप्रमाणे कोणाचा आकडा कोणाला दाखवायचा हे रुग्णाच्या मर्जीने ठरावे. नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर आईची साखर, भावाचा क्षयरोग जाहीर करणे योग्य नव्हे. आजारामुळे माणसाला दूर बसवणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगायला नको.

विहारात एक टेबल

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराला यंत्र घेणे परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. रक्तदाबाचे एक चांगले यंत्र वस्तीने मिळून घ्यावे आणि रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडावे. महिला मंडळातील दोन भगिनी आणि दहावी-बारावीची दोन मुले एवढ्यांना उपकेंद्रातील ताईंकडून मोजणे शिकवून घ्यावे. प्रत्येकाचे स्वतःचे कार्ड त्याच्याच घरी राहील. ज्याचा आकडा लाल असेल त्याच्याबरोबर त्याच दिवशी दवाखान्यात कोण जाणार, याची पाळी लावावी. रक्तदाबाचा पट्टा दहा जणांना चालतो. साखर तपासण्याची सुई मात्र एकाची दुसऱ्याला कधीही वापरू नये आणि ते यंत्रही प्रत्येकाचे वेगळे असलेले बरे, कारण रक्तातून कावीळ पसरू शकते.

याला फार पैसा लागत नाही. लागतो तो नेम, आणि मजुरीचा एक दिवस बुडालेल्या माणसाला वस्तीने हात देण्याची तयारी.

आमच्या आत्यांच्या घरात आता नवी वही आहे. पहिल्या पानावर पाचही गोष्टी लिहिल्या आहेत आणि खाली चौघांच्या सह्या आहेत. चौथी सही आत्यांनी डाव्या हाताने केली आहे. नात आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात आत्यांचा आकडा १८४ झाला. तिने फोटो पाठवला नाही. तिने सरळ फोन लावला, काकाने उचलला नाही म्हणून दुसऱ्या क्रमांकाला लावला, आणि तासाभरात आत्या दिंडोरीच्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसल्या होत्या. संध्याकाळी औषध बदलून घरी आल्या.

तिला पेन देऊन आम्ही मोकळे झालो होतो. पहिले पान मात्र तिने आणि आत्यांनी स्वतः लिहिले. आपल्याही घरातली वही उघडून पाहा. पहिले पान कोरे असेल तर आज ते भरा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!